प्रत : एक

बापूंचं विहिरींवरचं पुस्तक. प्रती हजार.
शंभर भिडेखातर गेल्या,
उरलेल्या गठ्ठ्यांवर फळ्या टाकून
आम्ही भावंडं निजलो, वाढलो.
मग एका साली पंचगंगाच लक्ष्मीपुरीत आली.
रद्दीवाला म्हणाला, ओलं घेत न्हाई.

आता सुनेच्या दुकानात नुसती फाईल आहे.
गठ्ठा नाही, वाळवी नाही.
काल मागणी आली : प्रत एक.
चहा निवायच्या आत पुस्तक हातात,
पाठीचा डिंक अजून गरम.
हुंगून पाहिलं.
शाईचा वास तेवढा नाही.

पाकिटावर पत्ता मीच लिहिला :
सुलोचना भांदिगरे, गारगोटी,
जुन्या आडाशेजारी.

बापू,
ही आपल्या नात्यात
कुणी लागत नाही.