रकाना

शिरोलीच्या फाउंड्रीचा नवा पगारतक्ता मी केला:
हजेरी, टन, ओव्हरटाइम,
रिजेक्शनची वजावट.

इलाही नदाफ कास्टिंगवर हातोडी टेकवतो.
टण्ण, पाठव.
टक्, बाजूला.
चीर डोळ्यांना दिसायच्या आधी
त्याला ऐकू येते.
आणि बाजूला पडलेलं सगळं
आजवर त्याच्याच नावावर कापलं जायचं.

मालक म्हणाले, कानाला काय रेट लावणार?

सुट्टीचे तीन सोमवार गणितात गेले.
शेवटी पुण्याहून परत न आलेल्या मालातला
हिस्सा त्याच्या नावे धरला.

स्लिप बघून म्हणाला,
"बरं केलंसा."
मग मान वळवून
डावा कान पुढं केला:
"ह्यो गेला ग्राइंडरपायी.
ह्येचा रकाना कुठं हाय?"