किती शिट्ट्या

अण्णा रात्रपाळी करून आले
तेव्हा कोपरखैरण्यात फक्त दुधाचे क्रेट जागे होते.
पिशवीत दोन-अडीच किलो सफरचंदं,
मार लागलेली.
"पेटी निसटली," एवढंच म्हणाले आणि झोपले.
कुणाच्या हातून, ते मी विचारलं नाही.

प्रत्येक फळाभोवती कागद.
डोंगरातला कुठलासा हिंदी पेपर, मागच्या महिन्याचा.
वरच्या गावांत बर्फ पडला,
शाळांची वेळ बदलली,
एक तपकिरी गाय हरवलीय, उजवा कान फाटलेला.
मी सोलत गेले, वाचत गेले.
आमच्याकडे शरद असाच येतो,
तुर्भ्याच्या मार्केटात, ट्रकमधून,
चुरगळून.

बाकी बाहेर अश्विनाचं ऊन डांबराला चिकटलेलं.
सेक्टरच्या रस्त्याला सातवीण फुललीय,
संध्याकाळी तिचा वास डोक्यात जातो.
आई खिडकी लावून घेते.

डाग काढायचा, पण सगळा नाही.
तपकिरी झालेल्या भागातही गोडी असते,
कधी कधी तिथंच जास्त.
फोडी, गूळ, दालचिनी, लिंबाचे चार थेंब.
वरून कणीक, थिजलेलं तूप, भाजून चुरलेले पोहे.
बोटांनी नुसतं चोळायचं.
आईला हे बघवत नव्हतं :
पिठाला हात लावला आणि गोळा केला नाही
असं तिच्या जन्मात घडलेलं नाही.

कुकरच्या तळाला किलोभर जाडं मीठ,
त्यावर ताटली पालथी, तिच्यावर डबा.
शिट्टी काढून ठेवली. रिंग काढून ठेवली.
एवढ्यात अण्णा उठून आले, बनियनवर.
"किती शिट्ट्या?"
"एकही नाही."
"मग कळायचं कसं?"
"वासावरनं."
ते तिथंच बसले, ओट्याला टेकून,
मार्केटच्या गेटवर गाडीची वाट बघतात तसे.

त्यांच्या मानेवर एक गाठ आहे.
लहानपणी मी तिच्यावर बोट ठेवून विचारायचे,
यात काय आहे?
"माल," म्हणायचे.
तीस वर्षं त्या मानेवरून सफरचंद गेलं,
पोटात गेलं दोनदाच.
एकदा कावीळ झाली तेव्हा.
एकदा मी झाले तेव्हा, आईच्या ताटातलं अर्धं.
"आमच्या जावळीत सफरचंद घरात आलं
की शेजारी इचारायचे, आजारी कोण हाय?"

अर्धा तास गेला.
ओटा तापला, मी तापले,
पंखा लावायची सोय नाही, गॅस फडफडतो.
मग झाकणाखालून ते सुटलं :
आधी तूप, मग गूळ,
मग आणखी काहीतरी, आंबटसर, लांबचं.
अण्णांनी मान वर केली.
"किन्नौरचा माल हाय ह्यो."
"तुम्ही गेलायत किन्नौरला?"
"म्या न्हाय गेलो. त्यो आला की."

स्टीलच्या वाट्या. वर गार साय.
आईने आधी बोटाने चाखलं, मग चमचा शोधला.
याला काय म्हणायचं, तिनं विचारलं.
एक नाव मला माहीत होतं,
पण ते या वाटीत मावेना.
"गरम हाय, त्येवढंच म्हन," अण्णा म्हणाले
आणि वाटी पुढं केली, दुसऱ्यांदा.

खाताना मध्येच थांबून,
वाटीकडेच बघत :
"पेटी माझ्याच हातनं सुटली."

आई डब्याच्या कडेचं करपलेलं खरवडत होती.
खरवडायची थांबली नाही,
फक्त हळू झाली.

मग मी कुकर उचलला.
मीठ अजून तापलेलं, कडेनं पिवळं पडलेलं.
"टाकू नको ते," आई म्हणाली,
"बरणीत भरून ठेव.
परत लागेल."