दुसरा उजेड

बुचावर चिकटवलेला गॉब्लिन,
करंगळीच्या दीड पेराएवढा.
एका हातात कंदील, दुसऱ्यात नुसती मूठ,
तलवार साच्यातच तुटून आलेली.
एलुनेद म्हणाली, बरंच झालं,
याला उगाच लढायला नको.

ब्लायनायमध्ये पाऊस दारात उभा असतो
पाहुण्यासारखा नाही, जुन्या भाडेकरूसारखा.
दिवसा ती शाळेची बस चालवते.
रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर
आधी काळा थर,
मग वरून पांढऱ्याची हलकी फवारणी,
म्हणजे कळतं उजेड कुठे बसेल
आणि अंधार कुठे मुक्काम करील.

पातळ तपकिरी रंग सोडला
की तो आपणहून सुरकुत्यांत उतरतो.
ज्याला तिच्या चेहऱ्याला अठ्ठावन्न वर्षं लागली
ते इथे दहा मिनिटांत.
केस वाळवायचं यंत्र फिरवलं तर चारच.

डोळ्यांसाठी श्वास धरावा लागतो.
ब्रश ओठांत धरू नये असं बाटलीवर लिहिलंय.
ती धरते.
पहिल्यांदा उजवा डोळा तिरळा आला,
पुसला.
दुसऱ्यांदा घाबरलेला.
तो तिने राहू दिला.

आता पायांखाली गुहा हवी.
दुकानात दगड पिशवीतून मिळतात, साडेचार पौंडांना.
एलुनेद हसली आणि मागचं दार उघडलं.
मागे डोंगरच आहे फुटक्या पाटीचा,
दूरदेशीच्या छपरांसाठी, पोरांच्या अआईसाठी
आतून काढलेल्या दगडातलं
जे कुणालाच नको होतं ते सगळं.
ओंजळभर आणलं, टॉवेलने पुसलं.
पापुद्रे चिमट्याने उभे केले, कडा झाला.
वाळलेली चहापत्ती, पाचोळा झाला.
मेलेल्या जिरेनियमचं मूळ
छतातून खाली लोंबलं.
डबक्यासाठी राळ ओतली, रात्रभर झाकून ठेवली.
सकाळी तळाशी एक बुडबुडा,
खाली कुणी श्वास सोडल्यासारखा.

तिचे पणजोबा याच डोंगराच्या पोटात
मेणबत्तीवर दगड फोडायचे.
मेणबत्तीचे पैसे मजुरीतून कापले जात,
म्हणून जेवताना ती विझवायची.
अंधारात पाव, अंधारात गार चहा,
अंधारातच राजकारणावर कडाक्याचं भांडण,
आणि कोण बोलतंय ते खोकल्यावरून ओळखायचं.

कंदिलात तिने ज्योत रंगवली.
नुसती पिवळी करून भागत नाही,
पिवळं सांडावं लागतं:
हनुवटीखाली, अंगठ्याच्या नखावर,
दगडाच्या ज्या कडा ज्योतीकडे बघतात त्यांवर.
मग का कोण जाणे
पाठीमागच्या खांद्यावर, कानाच्या पाळीवर,
तिने फिकट निळसर एक रेघ ओढली.

लँडिडनोच्या हॉलमध्ये शनिवारी
परीक्षक काडवान भिंग लावून वाकला.
कडा छान, म्हणाला. डबकं उत्तम.
पण हा दुसरा उजेड कुठून येतो?
गुहेत तर एकच कंदील आहे.
एलुनेदने हातांकडे पाहिलं.
माझ्या स्वयंपाकघरातून, म्हणाली.
त्याने दोन गुण कापले
आणि सभ्यपणे पुढच्या ड्रॅगनकडे सरकला.

परतताना खिंडीत धुकं.
बिस्किटांचा डबा शेजारच्या सीटवर, पट्टा लावून.
एका वळणावर मेंढी आडवी आली,
ब्रेक.
घरी झाकण उघडलं तर कंदिलाचा हात निखळलेला,
शेवाळात पडलेला, ज्योत वर.

चिकटवला दुसऱ्या दिवशी.
थोडा वर बसला, एका केसाएवढा,
त्यामुळे हनुवटीखालचं पिवळं आता
नेमकं कशाचं आहे सांगता येत नाही.
तिने ब्रश उचलला, धुतला,
आणि साडेसातची बस काढायला गेली.