नक्की का?

अक्कलकोट रोडची एमआयडीसी, गाळा नंबर एकोणतीस.
पत्र्याखाली त्रेचाळीस अंश, आणि आठ माग
एकाच वेळी बोलतायत.
मी सॉफ्टवेअर दुरुस्त करायला आलेय,
म्हणजे एका प्रश्नाची जागा शोधायला.

मंगळवारी दुपारी श्रीशैल कामूर्तीच्या बोटाखालून
डिझाइन दोनशे सात गेलं.
किनारीचा मोर, मागे वळून बघणारा.
स्क्रीननं विचारलं होतं, "नक्की का?"
त्यानं "होय" दाबलं,
चहावाल्या पोराला मान हलवावी तसं.
"मॅडम, ते रोजच विचारतंय की," तो म्हणाला.
खरं होतं. उघडताना विचारायचं, मिटताना, छापतानाही.
मीच लिहिलेलं ते,
भीत भीत, सगळीकडे.

नरसय्या एमूल, वय एकोणऐंशी,
मला मागच्या गोदामात घेऊन गेले.
पुठ्ठ्याच्या भोकं पाडलेल्या पट्ट्या, दोरीत ओवून
भिंतभर लोंबत ठेवलेल्या.
"मोर मोडायचा म्हणजे आधी शिडी लागायची.
मग दुसरा माणूस, खालून धरायला.
तो विचारायचाच, का ओ, काय झालं?
आणि गाठ लवकर सुटायची नाही.
तेवढ्यात निम्म्या वेळा मालकाचं मन फिरायचं."

वहीत लिहून घेतलं:
शिडी. दुसरा माणूस. गाठ.

आता बाकीचे प्रश्न काढून टाकलेत.
उघडा, मिटा, छापा, कुणी अडवत नाही.
फक्त पुसताना
डिझाइनचं नाव स्वतः टाइप करायचं, अक्षर न् अक्षर,
शेजारी त्याचं चित्र,
आणि शेवटची चादर कधी विणली ती तारीख.
"होय" नावाचं बटणच नाही.
एकावर "पुसून टाका", दुसऱ्यावर "राहू दे".
शिवाय पुसलेलंही तीस दिवस
लोंबत राहील आतल्या गोदामात.

नरसय्यांनी खुर्ची ओढली.
चाचणीपुरती एक जुनी कलश-किनार निवडली
आणि एका बोटानं लागले: क... ल...
थांबले. चित्राकडे बघत राहिले.
"ही अंबूच्या बाळंतपणात..."
पुढचं सगळं तेलुगूत,
मागांच्या खडखडाटात मला एवढंच ऐकू आलं,
वद्दु.
नको.

दोनशे सात परत आलं नाही.
श्रीशैल एका जुन्या चादरीवरून धागे मोजत
मोर पुन्हा काढतोय.
मानेपर्यंत आलाय. त्याच्या वर चादर विरलेली.
डावीकडून वळायचा की उजवीकडून,
गाळ्यात कुणालाच नक्की नाही.