डॉक्टर शेडबाळे चमचा कोरतात

बसा डॉक्टर. पाट नको, स्टूल घ्या,
तुमचे गुडघे मला ठाऊक आहेत.
आणि गणपती नंतर.
सगळे गणपतीपासूनच सुरू करतात,
सोंडेशी अडकतात, मग माळ्यावर पडून राहतो
निम्मा देव, निम्मा ओंडका.
आपण चमचा करू. आमटीचा.
त्याला कुणी नमस्कार करत नाही,
म्हणून चुकायची भीती नाही.

लाकूड शिवणीचं.
म्हैसाळ रस्त्याच्या वखारीत आरगे असतात,
सिस्टर लोंढेंनी पाठवलं म्हणा,
नाहीतर बाभूळ गळ्यात मारतील.
बाभूळ औताला चांगली, मनगटाला नाही.
मी पहिल्यांदा पुरात आलेला आंब्याचा ओंडका उचलला
कृष्णाघाटावरनं, फुकट म्हणून.
ओला होता. आठव्या रात्री उभा चिरला,
आवाज करून.
मला वाटलं, दारात कुणी पेशंट आलं.

आता ही रेघ बघा. बोट फिरवा.
सुतार हिला रेषा म्हणतात, शिकलगारचाचा नस म्हणतात.
तुम्हाला हसू येणार, माहीत होतं.
नसेच्या बाजूनं गेलात तर ढलपी कागदासारखी सुटते,
उलट गेलात तर फाटतं,
मग ते तुमचं ऐकत नाही.
कुठून येते, कुठं वळते,
हे आधी बघून घ्यायचं.
आणि हे मी तुम्हाला सांगतेय!

धार.
तिथं पातं बोथट झालं की तुम्ही ट्रेमध्ये टाकायचात
आणि मी नवं द्यायची.
इथं नवं नाही.
हा धारेचा दगड, हे दोन थेंब तेल,
हा आमच्या यांचा कमरेचा पट्टा, आता त्यांना लागत नाही.
दहा वेळा असं, दहा वेळा तसं,
मागं ओढत, पुढं ढकलत नाही.
रोज. कोरा नाहीतर नका कोरू.
बोथट पातं लाकडाला घाबरतं
आणि बोटाकडं वळतं.
चाचांचा डावा अंगठा बघा एकदा,
सतारींवर पानं कोरण्यात जन्म गेला,
तो अंगठा मात्र एका सुस्त दुपारी.
डावा हात कायम पात्याच्या मागं.
कापलंच तर पेटी कपाटात आहे, टाका मी घालीन.
लाकडाला टाका नसतो.
काढलेलं परत बसत नाही,
म्हणून थोडं थोडं.
आणि राग आला की उठून पाणी प्यायचं.

हाताचं म्हणताय?
मला माहीत आहे.
तुम्ही थांबलात त्याच्या आधी वर्षभर माहीत होतं.
कवलापूरच्या त्या पोराचं अपेंडिक्स काढताना
चिमटा ट्रेच्या कडेला वाजला. दोनदा.
भूलवाल्यांनी मान वर केली
तेव्हा मी स्टीलची वाटी पाडली,
मुद्दाम,
आणि तुम्ही मला रागावलात, सगळ्यांसमोर.

असू दे, आता कशाला.
थरथर लाकडाला चालते, डॉक्टर.
चमच्याच्या पाठीवर तिच्या खुणा राहतात
माशाच्या खवल्यांसारख्या,
लोक त्यालाच हातकाम म्हणतात
आणि जास्त पैसे देतात.
पॉलिशपेपरनं सगळं घासून काढू नका.
पहिल्याला भोक पडेल. माझ्याला पडलं.
अजून टांगलाय स्वयंपाकघरात,
भजी तळताना बरा पडतो.

उन्हं टाकीवर गेली. तासभर उजेड आहे.
आता गोल पटाशी.

तुम्ही लाकडावरची नजर न काढता हात पुढं केलात,
तळवा वर,
आणि मी ठेवली, मूठ तुमच्याकडं करून,
टप्पदिशी.

उद्यापासून आपली आपण घ्यायची.
आणि ढलप्या झाडून टाकू नका,
बंबाला होतात.