काटा

बिराजदार बाई आल्या तेव्हा माझे माग होते चोवीस
आणि हिशेब बिस्किटाच्या एका डब्यात.
वर रबर लावलेल्या चिठ्ठ्या, त्याखाली वीजबिलं,
तळाशी आप्पांनी तेलुगूत लिहून ठेवलेलं एक येणं.
ते बुडालंय हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं,
खोडत मात्र कुणी नव्हतं.

बाईंनी विचारलं, हे येणार आहे का?
मी खिडकीबाहेर बघितलं.
त्यांनी लाल रेघ ओढली.

अक्कलकोट रोड, एमआयडीसी, पत्र्याची शेड.
खडखडाटात त्यांचं टेबल.
बाई हळू बोलायच्या, आवाज चढवायच्या नाहीत.
त्यांचं ऐकायचं तर माग बंद करावे लागत.

मग ती जर्मनीची ऑर्डर.
हॉटेलांचे पांढरे टॉवेल, सहा कंटेनर.
मी नव्या शेडसाठी जागा बघून आलो,
पाटीवर नाव कुठल्या रंगात, तेही ठरवलं.
बाई म्हणाल्या, सुताचे पैसे पंधरा दिवसांत द्यायचे,
त्यांचे यायचे एकशे वीस दिवसांनी.
मधले एकशे पाच दिवस कोण विणणार?

नफा आहे ना पण?
आहे की. कागदावर.
शनिवारी तो वाटता येत नाही.

बाई, तुम्ही लिहायचं काम करा, म्हणालो, धंदा मी करतो.
त्यांनी टोपी लावून पेन मिटलं,
कडक भाकरीचा डबा उचलला, गेल्या.
दुसऱ्या दिवशी पावणेदहाला, रोजच्यासारख्या, हजर.
माझ्यापुढे एक कागद:
दोन कंटेनर. तीस टक्के आगाऊ. नाहीतर नको.

जर्मनीवाल्यांनी नको म्हटलं.

ऑर्डर चिलवेरीकडे गेली.
आता तो बुडाला असं मी सांगेन, असं वाटेल तुम्हाला.
नाही बुडाला. दोनदा जर्मनीला जाऊन आला,
तिथल्या बर्फातला फोटो त्याच्या केबिनमध्ये आहे.
महिनाभर मी बाईंशी आकड्यांपलीकडे बोललो नाही.

पुढच्या साली सूत कडाडलं.
आमच्याच गल्लीत तीन शेडना कुलपं लागली.
कुलपं नवी होती, उन्हात चमकायची,
जाता येता मी नजर टाळायचो.
आमच्याकडे शनिवारी पाच वाजता
कांडीवरची अंजम्मा अंगठा ओला करून नोटा मोजायची,
पुन्हा मोजायची,
पदराला गाठ मारून बाजाराला निघायची.
एक शनिवार चुकला नाही.
त्यासाठी आठ जुने माग भंगारात घालायला लावले बाईंनी.
त्यातला एक आप्पांनी स्वतःच्या हातानं बसवलेला.
ट्रक निघाला तेव्हा मी देवळात जाऊन बसलो,
तळ्याकाठी, मासे बघत.

जॉबर राजमल्लू एकदा माग उघडून बसलेला.
बाईंनी विचारलं, हा एवढासा काटा कशाला?
आडवा धागा तुटला की हा सांगतो, तो म्हणाला, माग थांबतो.
नसला तर?
तर काय, चालू राहतो की. आवाज तोच, खटका तोच.
कापड तेवढं नसतं.
बाई हसल्या. सात वर्षांत पहिल्यांदा.
माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी, त्याचंच जास्त लागलं.

आता माग साठ आहेत. परदेशी माल जातो,
दोन कंटेनर, आगाऊ घेऊन.
बँकेचा साहेब आला की आधी त्यांच्या टेबलाशी थांबतो,
मग माझ्या. सवय झाली.
त्या दिवसाबद्दल मी अजून चुकलो म्हटलेलं नाही.
त्यांच्या कुठल्या रकान्यात ते बसेल, कोण जाणे.

बिस्किटाचा डबा माझ्या कपाटात आहे.
तळाशी तो कागद, लाल रेघेखाली आप्पांचं अक्षर.
कधी संध्याकाळी काढून बघतो.
बाईंना माहीत आहे.
सगळं जुळवतात, पैशाला पैसा लावतात,
तेवढं एक खातं
त्यांनी मला न मिटवता ठेवू दिलंय.