पाव मैल

एक, पाच, चार, दोन, सहा, तीन, सात, आठ.
गणवीर मिस्त्रीनं मला मोजायला शिकवलं ते असं.
ठिणगी याच क्रमानं पडते, म्हणाला,
"ओळीनं चालते तो बैल. हे इंजिन हाये."
शाळेत आकडे तसेच म्हटले
तर ढोबळे मास्तरांनी अंगठे धरायला लावले.

बेहरामशेठची मस्टँग, सहासष्ट सालची,
सायीच्या रंगाची, जाळीवर पळता घोडा.
मनसरचं मँगनीज विकून
बापानं बोटीनं आणवलेली.
मिस्त्री पत्र्यावर टिचकी मारायचा,
"आपलीच माती हाये बे हे.
गेली तवा ढेकूळ होती."

स्टिअरिंग डावीकडे.
म्हणजे मी बसायचो तिथं, जिथं आपल्याकडे ड्रायव्हर बसतो.
सदरच्या चौकात हवालदार बघत राहायचा :
अकरा वर्षांचं पोट्टं
हात मांडीवर ठेवून गाडी हाकतंय.
मी त्याला उगाच मान हलवायचो.

शर्यत मध्यरात्रीनंतर.
तेव्हा सोनेगावला रात्रीचं टपाल विमानानं यायचं,
मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास,
चौघं थैल्यांची अदलाबदल करून पुन्हा उडत.
त्यातलं एक धावपट्टीवर गरजू लागलं
की त्याच्या आवाजाखाली आमचा झाकून जायचा.
लोकांची पत्रं वर,
खाली आम्ही.

वर्धा रोडचा पाव मैल
मिस्त्रीनं सायकलच्या चाकाला चिंधी बांधून मोजला होता,
एकशे ऐंशी फेरे.
या टोकाला चुन्याची रेघ आणि मी,
त्या टोकाला मिस्त्री आणि त्याची बिडी.
माझ्या हातात तीन सेलची बॅटरी.
ती विझली की सुटायचं.

मस्टँगच्या शेजारी कामठीवाल्यांची शेवरले,
इतकी लांब की ती वळली
तरी तिची शेपूट मागच्याच गल्लीत.
मी बटण दाबायचो.
पोटात काही फाटल्यासारखं व्हायचं,
रबराचा जळका, गोडसर वास,
पिंढऱ्यांवर खडी.
दोघींचेही मागचे दिवे तीन-तीन, लाल,
कोणते कुणाचे कळेपर्यंत
बारीक होऊन गेलेले.

शेवट मी कधी पाहिलाच नाही.
कोण जिंकलं ते मिस्त्री सायकलवर परत येऊन सांगायचा,
तेही ज्याच्यावर त्या दिवशी मर्जी असेल त्याच्या बाजूनं.

मग टपालाची विमानं बंद झाली.
त्याच सुमारास पेट्रोलनं भाव खाल्ला.
सक्करदऱ्याच्या एका बँडवाल्यानं मस्टँग घेतली,
आतलं काढून डिझेलचं इंजिन बसवलं,
घोड्याच्या गळ्यात झेंडू.
वरातीत ती नाचणाऱ्यांच्या मागं
पावलापावलानं यायची.
एकदा धंतोलीत समोर आली.
ओळख दाखवली नाही.
मी.

काढलेलं इंजिन मिस्त्रीच्या अंगणात, इंदोऱ्यात,
पोत्याखाली. दर रविवारी तो हातानं फिरवायचा,
दोन आटे, जाम होऊ नये म्हणून.
गाडी नसलेलं इंजिन. एकवीस वर्षं.

मेयोत, शेवटच्या आठवड्यात, विचारलं :
उस्ताद, त्या शेवटच्या रात्री खरं कोण जिंकलं?
"मले काय माहीत."
तुम्हीच तर उभे होते तिथं.
"गाड्या कोण पाहून राहिला होता?
मी तुह्या बॅटरीकडे पाहत होतो.
विझली का अंधार. पोट्टं दिसे नाही.
बाजूले सरकलं का खाली गेलं,
परत येऊन पाहीपर्यंत जीवात जीव नसे माह्या."
थोडं थांबून,
"दरवेळी बे."

काल रात्री जाऊन आलो.
वर मेट्रो, दुभाजकात कण्हेर.
रेघ कुठं होती ते एका खांबाशी मनानंच ठरवलं
आणि चालत सुटलो, पावलं मोजत,
एक, पाच, चार, दोन,
मध्येच चुकलो.
त्या टोकाला आता चहाची टपरी आहे, बंद होती.
तिथून वळून पाहिलं, मिस्त्री पाहायचा तसं.
दिवेच दिवे.
एखादं पोरगं तिथं उभं असतं
तरी दिसलं नसतं.